गरोदरपणातली साखर : एका आकड्याचा शोध

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते. एका वर्षी वारकऱ्यांच्या पंगतीसाठी फडताळ आवरताना मला थोरल्या वहिनींच्या गरोदरपणातल्या तपासणीचा कागद सापडला. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १६२. बाळंतपण सुखरूप झाले आणि कागद फडताळात गेला. ‘पुन्हा तपासून घ्या’ असे कोणी सांगितले नाही. बारा वर्षांनी पायाची जखम भरेना, तेव्हा मधुमेह निघाला. त्या आकड्याचा माग काढताना हा इतिहास हाती आला.

१९६४ साली बॉस्टनमध्ये जॉन ओ’सुलिव्हन आणि क्लेअर मॅहन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तास रक्त तपासले व साखरेच्या मर्यादा ठरवल्या. त्यांना जाणून घ्यायचे होते ते हे, की या बाईला पुढे मधुमेह होईल का. म्हणजे नेमका वहिनींचाच प्रश्न.

बाळाचा प्रश्न नंतर ऐरणीवर आला. नऊ देशांतल्या सुमारे २५,००० स्त्रियांच्या अभ्यासातून २००८ साली दिसले, की आईची साखर वाढेल तसे बाळाचे वजनही वाढत जाते. सुरक्षित-असुरक्षित अशी ठळक रेघ नाही. त्या नऊ देशांत भारत नव्हता.

आपल्याकडचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शोधले जात होते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. तरीही आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी टिकून होती. पुढे २००८ च्या निबंधात दिसले, की दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. आणि ज्यांच्यात फोलेट जास्त व बी-१२ कमी, त्यांच्या मुलांवर सहाव्या वर्षी इन्शुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत होता. साखरेपलीकडेही आईचे रक्त काही सांगत होते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या ‘एचबीएवनसी’वर गरोदरपणात विसंबता येत नाही. तांबड्या पेशी लवकर बदलत असल्याने आकडा खाली येतो, तर लोहाच्या कमतरतेने तो वर जातो; आणि आपल्याकडे पांडुरोग घरोघरी. म्हणून चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रह धरलेली पद्धत मोलाची ठरली : जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी एकदा रक्त, १४० वा अधिक म्हणजे मधुमेह. वाडीवस्तीवरून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशी राहा, उद्या पुन्हा या, असे सांगावे लागत नाही. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने हीच पद्धत स्वीकारली. त्याच मार्गदर्शिकेत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी फेरतपासणी सांगितली आहे.

बॉस्टनमधला प्रश्न या एका ओळीत आपल्या दारी आला. वहिनींपर्यंत तो वेळेवर पोचला नाही. यंदा त्यांची सून बाळंत झाली. सहावा आठवडा भरला, त्या दिवशी वहिनींनी स्वतः तिला रक्त तपासायला नेले. तो जुना कागद त्यांनी पिशवीत घातला होता.