डिपॉझिटची गोष्ट

'भाडं अमुक, डिपॉझिट तमुक' हे आज आपल्या जिन्यात उघड बोललं जातं. मुंबईत एके काळी ते दबक्या आवाजात चालायचं, कारण 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी किंवा अनामत घेणे गुन्हा ठरवला होता. पागडी थांबली नाहीच. फक्त पावती मिळेनाशी झाली! मग मालक 'लिव्ह अँड लायसन्स'कडे वळले. पण 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिलं. मालकांनी असा धसका घेतला की अनेकांनी रिकाम्या जागांना कुलूपच ठोकलं.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाचा. त्याने पागडी-डिपॉझिट घ्यायला मोकळीक दिली. मात्र कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. 'अकराच महिने, नोंदणी कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालक ते खोटं ठरवेपर्यंत.

डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं, त्यातून रंगाचे पैसे कापायचे का, यावर मात्र हा कायदा गप्प आहे. चावी परत देताना वाद होतात ते नेमके इथेच. तीन वर्षांत रंग उडणारच, त्याचा भुर्दंड भाडेकरूला कशाला? (हे मी मालक असून म्हणतो.) तेव्हा हे सगळं करारातच लिहून घ्या, आणि चावी देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घराचे फोटो काढून ठेवा.