चिंता, भाकर आणि उपकारस्तुती : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासातील काही पाने

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती साहित्याची दखल बहुधा दोनच अंगांनी घेतली जाते. एक तर धर्मांतराचा वाद, आणि दुसरे म्हणजे मुद्रण, नियतकालिके, व्याकरण व भाषांतर या क्षेत्रांतील मिशनऱ्यांची कामगिरी. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न हरवून जातो. जी माणसे मराठीत ख्रिस्ताची प्रार्थना करू लागली, त्यांच्या मनाला त्या प्रार्थनेने काय दिले? भूक, विरह, मरण आणि लोकनिंदा यांनी ग्रासलेल्या मनाला तिच्यातून शांती लाभली असेल, तर ती कोणत्या शब्दांतून लाभली? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा थोडा मागोवा घेत आहोत.

प्रारंभ शब्दापासूनच करणे इष्ट. 'चिंता' आणि 'चिंतन' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. मन एखाद्या गोष्टीभोवती फिरत राहणे हा दोहोंचा समान अर्थ. काळजीभोवती फिरले तर चिंता, आराध्याभोवती फिरले तर चिंतन. वारकरी संतांनी मनाची ही फिरती गती थांबविण्याचा प्रयत्न केला नाही, तिचे केंद्र तेवढे बदलले. ख्रिस्ती परंपरेतही याहून फार वेगळे घडत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू अन्नवस्त्राची चिंता करू नका, असे सांगतो आणि पाखरांकडे व रानफुलांकडे बोट दाखवतो. हा उपदेश सुखवस्तू श्रोत्यांना केलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. गालीलातले शेतकरी, मजूर आणि कोळी हे रोमन सत्तेच्या करांखाली पिचलेले लोक होते. उद्याचे जेवण हा त्यांच्यापुढचा खराखुरा प्रश्न होता. म्हणूनच त्याच अध्यायातील प्रार्थनेत मागणी आहे ती केवळ एका दिवसाच्या अन्नाची.

ही मागणी मराठीत आली तेव्हा भाषांतरकारांनी 'भाकर' हा शब्द निवडला. आमच्या मते ही निवड फार अर्थपूर्ण आहे. भाकर हे देशावरच्या कष्टकऱ्याचे अन्न. ज्वारी-बाजरीचे पीक गेले की तीच पहिल्यांदा ताटातून नाहीशी होते. 'रोजची भाकर' मागणारा माणूस आध्यात्मिक रूपकात बोलत नसतो. अहमदनगर जिल्ह्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखातील ख्रिस्ती मंडळ्यांनी ही प्रार्थना म्हटली असेल, तेव्हा तिचा शब्दशः अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

दुसरा महत्त्वाचा उतारा पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौल हे पत्र कैदेतून लिहीत होता. कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या प्रार्थनेने आणि आभारासह देवापुढे मांडाव्यात, म्हणजे देवाची शांती अंतःकरणाचे रक्षण करील, असा त्याचा आशय. येथे 'रक्षण' या अर्थी आलेले मूळ ग्रीक क्रियापद लष्करी व्यवहारातले आहे. ठाण्यावर शिबंदी ठेवून पहारा करणे, असा त्याचा अर्थ. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत असल्याने वाचकांना ही प्रतिमा सहज कळली असणार. स्वतः पहाऱ्यात असलेला मनुष्य शांतीला पहारेकरी म्हणतो, यातला ताण विसरून चालणार नाही. ही शांती संकट टळल्याची नव्हे, संकट असतानाची आहे. आणखी एक गोष्ट अशी की आभार येथे मागणी पूर्ण झाल्यावर येत नाहीत, ते मागणीच्या बरोबरच येतात. मराठी ख्रिस्ती व्यवहारात यासाठी 'उपकारस्तुती' हा सुंदर सामासिक शब्द रुळला. त्याकडे आपण पुढे पुन्हा वळू.

मराठीतील ख्रिस्ती भक्तिकाव्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून होतो. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जुन्या धर्माची पुराणे सुटलेल्या नवख्रिस्तीजनांना ऐकण्यासाठी काही हवे होते. ती पोकळी भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी ओवीचाच आश्रय घेतला. धर्म बदलला तरी मनाला स्वस्थता देणारी लय बदलत नाही, हे या परदेशी कवीने ओळखले होते. पुढे १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. मराठी मात्रा आणि इंग्रजी चाल यांची ओढाताण त्या गीतांत जाणवते. टिळकांच्या आधीही नगरात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग झाले होते, परंतु या उपासनेला पूर्णपणे मराठी गळा दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. या विधानाचा अर्थ अभंग या छंदापुरता घेतला जातो. आम्हांला तो अधिक खोल वाटतो. १६३०च्या भीषण दुष्काळात तुकोबांचा संसार उद्ध्वस्त झाला. त्या आपत्तीबद्दल त्यांनी देवाला दूषण दिले नाही. सगळे गेले ते बरेच झाले, त्यामुळेच तुझी वाट सापडली, असा त्यांच्या एका विख्यात अभंगाचा आशय आहे. हानीच्या क्षणी केलेली ही उपकारस्तुतीच होय. पौलाच्या पत्रातील विचार मराठी मनाला परका वाटू नये, याची तयारी देहूत आधीच झालेली होती. टिळक ख्रिस्ताला 'माउली' म्हणून हाक मारतात, तेव्हा ते केवळ अलंकार उसना घेत नाहीत. माउलीच्या कडेवरचे मूल उद्याची चिंता करीत नाही, हा वारकरी अनुभव ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायाला जोडून देतात.

येथवर सर्व सुखरूप आहे. परंतु इतिहास एवढा एकरंगी नसतो. ज्या घटनेने टिळकांच्या जीवाला शांती लाभली, तिनेच लक्ष्मीबाईंच्या (१८६८–१९३६) जीवाची तगमग झाली. पती बाटला, लहान मूल पदरी, नातलगांच्या आश्रयाने नाशिक-पंढरपुरात काढलेले दिवस, आणि भवितव्य काय याचे उत्तर कोणापाशीच नाही. 'स्मृतिचित्रे'तील या काळाचे वर्णन वाचताना आपल्या ध्यानात येते की एकाची शांती दुसऱ्याच्या चिंतेच्या मोलाने येऊ शकते. धार्मिक चरित्रांत हे मोल सहसा नोंदले जात नाही. लक्ष्मीबाईंनी ते नोंदले, तेही पतीविषयीचे प्रेम तसूभरही कमी न होऊ देता. हे आमच्या दृष्टीने त्या ग्रंथाचे मोठे नैतिक यश आहे.

लक्ष्मीबाईंची चिंता विरहापुरतीच नव्हती. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात त्यांचे बालपण गेले. शिवले, विटाळले, बाटले या भयाची अखंड राखण करणारे ते घर. पतीकडे परतल्यावरही प्रारंभी त्यांनी आपले सोवळे कटाक्षाने सांभाळले. पुढे राहुरीच्या दिवसांत त्यांच्या मनात विचार सुरू झाला. जनावरांच्या जाती दिसतात तशा माणसांच्या जाती देवाने केल्या आहेत काय? त्या माणसानेच केल्या, असा निर्णय झाला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या विचारानंतर. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी भय गेले, मग दीक्षा आली. ज्या शांतीविषयी आपण बोलत आहोत, ती लक्ष्मीबाईंच्या बाबतीत गूढ साक्षात्कारासारखी अवतरली नाही. स्वतःच्या बुद्धीने एका सामाजिक असत्याचा निकाल लावल्यावर ती आली. प्रार्थनेचा विचार करणारांनी आणि न करणारांनीही या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे, असे आम्हांस वाटते.

त्यानंतरचा संसार निश्चिंत होता, असे मात्र नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. गरजू दिसला की घरातले तिकडे जाई. प्लेगच्या साथी, पोरक्या मुलांचा सांभाळ, उसनवारी हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे. परंतु ते ज्या स्वरात येते तो स्वर तक्रारीचा नाही, उपदेशाचाही नाही. तो विनोदाचा आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद हीच त्यांची उपकारस्तुती होय, असे आम्ही म्हणू. गतकाळातील संकटाकडे हसून पाहू शकणारे मन त्या संकटातूनही काही मिळाले हे मान्य करीत असते. पतीने १९०९ मध्ये आरंभिलेले आणि दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले 'ख्रिस्तायन' या औपचारिक शिक्षण नसलेल्या बाईंनी पुढे चौसष्ट अध्याय रचून पुरे केले. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

याच काळात केडगावी दुसरा एक प्रयोग चालला होता. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तरुणपणी दुष्काळात आईवडिलांचे मरण पाहिले होते. व्रते, दाने, तीर्थयात्रा करूनही ते टळले नाही, ही वेदना त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केली आहे. १८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, आणि 'मुक्ती'चा व्याप वाढत गेला. जॉर्ज म्यूलर व हडसन टेलर यांच्या चरित्रांचा त्यांच्यावर प्रभाव होता. गरज देवापुढे मांडावी आणि काम करीत राहावे, हा त्यांचा बाणा. केडगावात प्रार्थनेच्या जोडीला शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. चिंता सोडणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही. २४ जुलै १९२१ रोजी कन्या मनोरमा वारली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर छापून झाले.

आता 'उपकारस्तुती'कडे वळू. मराठीत 'उपकार' हा शब्द निर्भेळ नाही. उपकाराचे ओझे असते, उपकाराखाली माणूस दबतो. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्यांवर पोटासाठी बाटल्याचा शिक्का मारला गेला. १८९३ साली शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. अन्न देणाऱ्याच्या देवाचे आभार मानताना ते कोणाचे आभार आहेत, देवाचे की दात्याचे, हा प्रश्न उरतोच. तथापि याचे उत्तरही त्याच प्रार्थनेत दडलेले आहे. सर्व उपकार देवाचे मानले की माणसाच्या उपकारांचे ओझे उतरते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही तेथे स्थान होते. परदेशी पालकत्वातून भारतीय ख्रिस्ती समाज मोकळा व्हावा, ही त्यांची तळमळ होती. कृतज्ञता देवापाशी रुजली, म्हणूनच मिशनपुढे ताठ उभे राहणे टिळकांना साधले, असे आम्हांस दिसते.

ही शांती सर्वांनाच लाभली, असा दावा करण्याचे कारण नाही. दुष्काळात मेलेल्यांनी स्तोत्रे लिहिली नाहीत, आणि वाचलेल्यांच्या कृतज्ञतेवरून मेलेल्यांच्या दुःखाचा हिशेब मांडता येत नाही. तुकोबा, टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई यांचे मोठेपण असे की त्यांनी आपल्या आभारात हानी लपविली नाही. कृतज्ञता दुःखाला खोडून काढते, तेव्हा ती खोटी ठरते. दुःखाशेजारी ती उभी राहते, तेव्हाच तिच्यावर विश्वास बसतो.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना आपण तिची भाषा, विनोद आणि स्त्री-आत्मचरित्र म्हणून तिचे स्थान यांवर भर देतो, आणि धर्मानुभवाचा भाग संकोचाने पुढे सरकवतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे आत्मचरित्र 'अभंगांजली' व 'ख्रिस्तायन' यांच्या शेजारी ठेवून, आणि शक्य झाल्यास तुकोबांचे दुष्काळासंबंधीचे अभंग सोबत घेऊन वाचावे. विद्यार्थी कोणत्याही श्रद्धेचा असो वा कोणत्याच नसो, चिंतेचे चिंतन कसे होते आणि मराठी भाषेने त्यासाठी कोणते शब्द घडविले, हे त्याला प्रत्यक्ष संहितेतून दिसेल.