काचेवरचं नाव

वडिलांच्या प्रीअँपमधला ईसीसी ८३ व्हॉल्व्ह गेला. दुकानदाराने ईसीसी ८२ पुढे केला. "पिना त्याच, बसेल की!" बसलाही असता, पण ८३चा वर्धनांक १००, ८२चा जेमतेम २०. आवाजच पडला असता. काचेवरच्या या युरोपीय नावातच कुंडली असते: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, 'सीसी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. अमेरिकेत याचंच नाव १२एएक्स७. इंग्लंडच्या मुलार्डसाठी शौकीन आजही वाटेल ती किंमत मोजतात. मी मात्र बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना, न वापरलेला नग शोधला. १९५४ साली संरक्षण खात्यासाठी निघालेल्या या सरकारी कंपनीने आपल्या घरांतल्या रेडिओंनाही व्हॉल्व्ह पुरवले होते. टेस्टरवर दोन्ही ट्रायोड सारखे भरले, मगच पैसे दिले.