वेठ, कासव आणि मोटारीचा ऑटो

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्याच्या विहिरीवर मोटार आहे, त्याच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी एक लहानशी डबी बहुधा असतेच. तिला सगळे 'ऑटो' म्हणतात. रात्री एक-दीडला लाइन येते. तिन्ही फेज आल्या की डबी थोडी थांबते, सारे ठीक दिसले की मोटार चालू करते. धनी घरी झोपलेला असतो आणि इकडे पाणी हरभऱ्याला पोचलेले असते.

आता कोणी विचारील, की यंत्रमानवाच्या गोष्टीत ही डबी कशाला? तर यंत्रमानव म्हणजे दुसरे काय? बाहेर काय चालले आहे हे जाणायचे, त्यावरून ठरवायचे आणि मग करायचे. ही तीन कामे जो आपल्या आपण करतो तो रोबो. त्याला हातपाय हवेतच असे नाही. मात्र डबीला शहाणपण नसते, तेही खरे. लाइन येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवर भार पडतो आणि डीपी जळते. म्हणूनच महावितरणला, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे शेतकऱ्यांना सांगावे लागले. सांगितले तेवढेच यंत्र करते. शेजाऱ्याचा विचार आपण करायचा असतो.

मागे मे महिन्यात घाटाखालच्या एका गावी शाळेत रोबोटिक्सचे उन्हाळी शिबिर झाले. तिथे मी मदतनीस म्हणून गेलो होतो. शिकवणारे दुसरे, माझे काम तारा जोडून देणे, सेल मोजणे आणि 'असे का झाले?' या प्रश्नाला तोंड देणे. पहिले तीन दिवस शिक्षकांचे, पुढचे चार मुलांचे. ऊन असे, की दहा वाजल्यानंतर पत्र्याखाली बसवत नसे, म्हणून सकाळी साडेसहालाच सुरुवात होई. पहिल्याच दिवशी एक वयस्क गुरुजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाप्पा, हे मले जमलं नाही अन् पोट्ट्यांनी पाह्यलं, त काय म्हणतीन?" शिबिराचा सगळा पेच या एका वाक्यात होता. मुलांचे काही अडत नाही. ती चुकतात आणि पुढे जातात. अडते ते आपले. पेच जुना आहे, आणि निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी तो आपापल्या परीने सोडवून पाहिला आहे.

'रोबो' हा शब्द मुळी शेतकऱ्याच्या दुःखातून आलेला आहे. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचे, ही चाल त्या मुलुखात १८४८ पर्यंत होती. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. १९२१ च्या जानेवारीत ते प्राग शहरात रंगभूमीवर आले. त्यात कारखान्यात तयार केलेली माणसे आहेत. त्यांना काय नाव द्यावे हे सुचेना, तेव्हा चापेकच्या चित्रकार भावाने, योसेफने, हा शब्द सुचवला. हे वेठबिगारी शेवटी उठाव करतात. गंमत अशी, की चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. लोखंडी सोंग पुढच्या लोकांनी चढवले.

आपल्याकडे यंत्रांचे कौतुक त्याच्याही आधीचे. धारच्या भोजराजाच्या नावावर अकराव्या शतकातला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर अख्खा अध्याय आहे. त्यात हलणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत, दारावरचे पहारेकरीही आहेत. हे ऐकून पुष्कळांची छाती फुगते. पण त्याच अध्यायात ग्रंथकार सांगतो, की यंत्रे कशी घडवावी हे मी मुद्दाम सांगत नाही. ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर गुप्त राहावे म्हणून. मला तर वाटते, आपले घोडे तिथेच अडले. ज्याला विद्या येते त्याने ती झाकून ठेवली, आणि सुताराची सुताराबरोबर गेली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४८-४९ च्या सुमारास, इंग्लंडात ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने दोन यांत्रिक कासवे केली, एल्मर आणि एल्सी. जुन्या रेडिओत तांबूस उजेडाचे काचेचे व्हॉल्व्ह असत, तसले फक्त दोन प्रत्येक कासवात. उजेड दिसला की कासव तिकडे सरके, अडथळा लागला की वळसा घाली, आणि बॅटरी उतरली की आपल्या खोपटात परत येई. एवढ्याशा सामानातून जिवंतपणाचा भास होतो, हे पाहून लोक थक्क झाले.

कासव शाळेत नेले ते सेमूर पॅपर्ट यांनी. जन्म १९२८, दक्षिण आफ्रिका. लहानपणी त्यांना गिअरचे वेड होते. दातेरी चाके मनात फिरवत फिरवत आपण गणित शिकलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. मुलांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या पियाजे यांच्याजवळ जिनिव्हात काही वर्षे काढून ते अमेरिकेत एमआयटीला आले. १९६७ साली वॉली फ्युरझाइग, सिंथिया सॉलोमन आदींबरोबर त्यांनी 'लोगो' ही मुलांसाठी संगणकाची भाषा केली. थोड्याच वर्षांत ती जमिनीवर चालणाऱ्या कासवाला जोडली. पुढे पन्नास, उजवीकडे नव्वद, असे चार वेळा सांगितले की कासव चौकोन काढते. चौकोन कसा काढायचा हे मुलाला सुचले नाही, तर त्याने स्वतः उठून चौकोनात चालून पाहायचे. आणि कासव भलतीकडे गेले, तर चूक कोणत्या हुकमात आहे ती शोधायची. चुकीला मार नाही, लाल शाई नाही. चूक ही शोधण्याची वस्तू झाली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९२८ सालीच जन्मलेले आणखी एक गृहस्थ, डॉ. श्रीनाथ कलबाग. खाद्यपदार्थांचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या संशोधन संस्थेत काही वर्षे, मग हिंदुस्थान लिव्हरच्या प्रयोगशाळेत मोठा हुद्दा. तो सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली, नापास झालेली मुले त्यांनी जवळ केली. वर्ग कोणता, तर काम. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, घर आणि आरोग्य. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा टकळी हे साधन होते. पाबळला वेल्डिंगची कांडी आणि मल्टिमीटर आले, इतकाच फरक म्हणा.

पाबळच्या मुलांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. जमिनीत वीज सोडून तिचा विरोध मोजायचा आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा, असले उपकरण आश्रमात तयार झाले. त्यावर सर्वेक्षण करायला गावची पोरे शिकली. पाणाड्या नारळ हातावर घेऊन फिरतो. ही पोरे चार खुंट्या ठोकून आकडे लिहीत. जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा लहान ट्रॅक्टर झाला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आश्रमाचे घुमटाकार घर तिकडे उपयोगी पडले. पुढे हाच अभ्यास आठवी ते दहावीच्या शाळांत, आठवड्यातून एक दिवस, असा गेला. शिकवायला गावातलाच हातोटीचा माणूस. इथे गुरुजींच्या त्या पेचाचे एक उत्तर मिळते: जे मला येत नाही ते येणारा गवंडी, वायरमन वर्गात येऊ द्यायचा, आणि मुलांबरोबर आपणही समोर बसायचे.

एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ च्या सुमारास 'जवळजवळ काहीही बनवायला शिका' असा वर्ग सुरू केला होता. संगणकाच्या हुकमाने कापणारी, कोरणारी यंत्रे एका खोलीत. तिला नाव फॅब लॅब. अशी खोली एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या काही ठिकाणी निघाली त्यांत २००२ साली पाबळ होते. ज्या गावाला पिण्याच्या पाण्याची चिंता, तिथे ही खोली. दुसऱ्याच वर्षी कलबाग वारले. आश्रम चालू राहिला.

पुढचे थोडक्यात सांगतो. २००५ साली इटलीत इव्रिया येथे आर्डुइनो नावाची तळहाताएवढी पाटी निघाली. तिचे आराखडे सर्वांना खुले. भोजराजाच्या गुप्ततेच्या बरोबर उलट. म्हणून ती स्वस्त झाली आणि आपल्या शिबिरापर्यंत पोचली. २०१६ पासून केंद्र सरकारच्या नीती आयोगाने शाळांत अटल टिंकरिंग लॅब काढल्या; सहावी ते बारावीसाठी, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. देशात अशा दहा हजार झाल्या. सामान मिळाले, चांगलेच झाले. पण सामानाबरोबर गुरुजींना चुकायला वेळ मिळाला का, हा प्रश्न राहतो. नवे सामान बिघडेल या भीतीने ते कपाटात ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. मुख्याध्यापकांना दोष कसा द्यावा? हिशेब त्यांच्या नावावर असतो.

आमच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी त्या गुरुजींनी सेल उलटा जोडला आणि गाडी मागे पळाली, थेट बाकाखाली. सगळे हसले. गुरुजीही हसले. मग त्यांनी तारा अदलून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि दोन्ही चाके उलटसुलट फिरवली तर गाडी जागीच गिरकी घेते, हे त्यांनी आपणहून शोधले. आमच्यापैकी कोणी ते सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी मुले आली. सातवीच्या एका मुलीला गाडीत काडीचा रस नव्हता. तिने दोन खिळे कुंडीच्या मातीत खोचले, पाटीला जोडले, आणि माती सुकली की घंटी वाजेल असे करायला बसली. पहिल्यांदा घंटी थांबेचना. माती तर ओली होती! तिने गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मले बी नाही माहीत. पाहू." दोघे अर्धा तास तारा चाचपत होते. एक खिळा गंजलेला निघाला. तो घासून पुन्हा खोचला, तेव्हा घंटी थांबली. मग मुलीने कुंडी उन्हात नेऊन ठेवली आणि ती सुकण्याची वाट पाहत शेजारी बसली.