भाचीचं ‘करलं’

ताईची मुलगी तीन वर्षांची आहे. गेल्या महिन्यापर्यंत ती ‘मी केलं’ म्हणायची, आता ‘मी करलं’ म्हणते. ताई दर वेळी सुधारते. मला मात्र त्या चुकीत एक जुना वाद ऐकू येतो.

बसलं, उठलं, उचललं, मग करलं! हा नियम तिला कुणी सांगितलेला नाही. इंग्रजी मुलंही ‘वेन्ट’ म्हणता म्हणता मध्येच ‘गोएड’ म्हणू लागतात. १९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. त्याचं नाव ‘वग’. असे दोन असले तर? ‘वग्ज’, मुलं म्हणाली. शब्द तर त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. म्हणजे हे पाठांतर नव्हे. मुलांच्या डोक्यात नियम असतो, असं मानलं गेलं.

१९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलँड यांनी याला आव्हान दिलं. त्यांच्या न्यूरल नेटवर्कमध्ये नियम कुठेच लिहिलेला नव्हता. होते फक्त आकडे, चूक झाली की थोडेथोडे बदलणारे. आधी त्याला १० क्रियापदं शिकवली, त्यांतली ८ अनियमित. मग आणखी ४१० आणली, बहुतेक नियमित. झालं! आधी बरोबर येणारी रूपंही नेटवर्क मुलांसारखी चुकवू लागलं आणि पुढे हळूहळू सुधारलं.

१९८८ मध्ये स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १० वरून एकदम ४२०? मुलांच्या कानांवर भाषा अशी पडत नाही. ती घसरण शिकवणाऱ्यांच्या वेळापत्रकातून आली होती. शिवाय ‘मेल’ या क्रियापदाचा भूतकाळ नेटवर्कने ‘मेम्बल्ड’ असा काढला होता. मुलं चुकतात, पण अशी नाही.

हे वाचताना मी ओशाळलो. गेल्या वर्षी ऑफिसात माझ्या मॉडेलचा आलेख दाखवून मी ऐटीत म्हणालो होतो, ‘बघा, अगदी लहान मुलासारखं शिकतंय!’ नंतर कळलं, आलेखातला खड्डा मीच मध्येच डेटाची फाईल बदलल्यामुळे पडला होता. आलेख सारखा दिसला म्हणून शिकणं सारखं ठरत नाही, हे मला तीस वर्षांहून जुन्या भांडणाने शिकवलं.

काल भाचीने विचारलं, ‘मामा, तू काय करलंस?’

‘मी चहा केला,’ एवढंच म्हणालो. पुढचं तिचं ती बघेल.