चेहऱ्यावरचा उजेड : चित्रफितींतून व्यक्तिछायाचित्रण शिकताना

व्यक्तिछायाचित्रण शिकविणारा गुरू आता बहुतेकांच्या खिशातच असतो. चेहऱ्यावर प्रकाश कोठून पाडावा, मान किती वळवावी, हात कोठे ठेवावेत हे सांगणाऱ्या असंख्य चित्रफिती मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या तरुणाला जे ज्ञान मिळविण्यासाठी पूर्वी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, ते घरबसल्या मिळू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र यांतील बऱ्याच चित्रफिती ज्या आकाशाखाली, ज्या वर्णाच्या माणसांसाठी आणि ज्या रीतीभातींत तयार झाल्या, ते सारे परभणीहून फार निराळे आहे. त्यांतील प्रकाशाचे व्याकरण जरूर घ्यावे. मोजमापे मात्र आपल्या अंगणात नव्याने घ्यावी लागतात.

महाराष्ट्रात या कलेचे पद्धतशीर शिक्षण तसे जुने आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. या वर्गात तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यक्तिचित्रांचा व्यवसाय चालविला. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून काम केले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका स्त्रीवर सोपविले. छायाचित्र काढून घेणाऱ्याचा संकोच हाही या विद्येचाच एक भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

वर्ग आणि दरबार थोड्यांनाच लाभले. तालुक्याच्या गावी खरी शाळा होती ती स्टुडिओतील उमेदवारीची. नवा मुलगा आधी झाडलोट करी, मग दिवे उचली, मग अंधाऱ्या खोलीत रसायनांचे भांडे हलवी, आणि बऱ्याच काळाने त्याच्या हाती कॅमेरा येई. ही पद्धत संथ होती, कित्येकदा जाचकही होती. पण चुकल्यावर कान धरणारे कोणी तरी शेजारी उभे असे. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ही उमेदवारी जवळजवळ संपली. चित्रफीत कान धरीत नाही. तिच्यात फसलेली छायाचित्रे बहुधा कापून टाकलेली असतात आणि दिवा हलविण्यात गेलेला अर्धा तास दहा सेकंदांत उरकतो.

प्रकाशयोजनेचे मूळ नियम थोडे आहेत व ते कोठेही बदलत नाहीत. प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. म्हणूनच छत्री किंवा सॉफ्टबॉक्स जवळ आणला की त्वचा नितळ भासते आणि तोच दूर नेला की कठोर दिसते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. लग्नाच्या व्यासपीठावर पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळोखात, असे जे नेहमी घडते त्याचे कारण हेच. दिवा मागे सरकवून त्याची शक्ती वाढविली की दोन्ही रांगांतील फरक घटतो. दिवा समोर आणि उंच ठेवला तर नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते. तो बाजूला व वर, सुमारे पंचेचाळीस अंशांवर नेला तर पलीकडच्या गालावर उजेडाचा त्रिकोण उमटतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्राँ याचे नाव या योजनेला मिळाले आहे.

एवढे कोणतीही चांगली चित्रफीत सांगते. अडचण सूर्यापासून सुरू होते. इंग्लंड-अमेरिकेतील शिक्षक मावळतीपूर्वीच्या सोनेरी वेळेची फार वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. परंतु लंडन साडेएकावन्न अक्षांशावर आहे व परभणी सव्वाएकोणीस. मार्च किंवा सप्टेंबरात सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यानंतर लंडनमध्ये तो बुडायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, परभणीत पंचवीस. चित्रफितीतला छायाचित्रकार त्या वेळात तीन जागा बदलतो. आपल्याकडे एक जागा नीट साधली तरी पुष्कळ. दुपारची गोष्ट याहून कठीण. डिसेंबरच्या अखेरीस लंडनचा मध्यान्हीचा सूर्य जेमतेम पंधरा अंशांवर असतो, म्हणजे तो दिवसभर बाजूनेच उजेड देतो. परभणीत १७ मे आणि २६ जुलैच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये ही वेळ घड्याळात सुमारे १२ वाजून २० मिनिटांची, आणि दुपारच्या मुहूर्ताची कित्येक लग्ने याच सुमारास लागतात. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर झळाळी, अशी छायाचित्रे मग घरोघरी अल्बममध्ये बसतात.

यावर उपाय महागडे नाहीत. जुन्या वाड्याची ढाळज किंवा ओसरी हा उत्तम स्टुडिओ आहे. माणसाला छपराच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर करून बसवावे. वरचा प्रकाश छपराने अडतो आणि समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड डोळ्यांत उतरतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की रिफ्लेक्टरचे काम होते. मात्र आजूबाजूच्या रंगांकडे लक्ष असावे. हिरव्या किंवा निळ्या ऑइलपेंटची भिंत आपला रंग गालावर उतरविते, लग्नमंडपाचे रंगीत कापड तर सर्वांनाच गुलाबी किंवा पिवळे करून सोडते. हा दोष संगणकावर पुरता निघत नाही, कारण तो चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतो.

त्वचेच्या वर्णाचा प्रश्न याहून गंभीर आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरतो. गोऱ्या चेहऱ्यावर माप घेतले तर एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, असा सल्ला चित्रफितींत सर्रास मिळतो. गव्हाळ चेहऱ्यासाठी तेच माप बहुधा तसेच चालते आणि सावळ्या चेहऱ्यासाठी उलट अर्धा ते एक स्टॉप कमी करावा लागतो. गोऱ्यांसाठीचा नियम जसाच्या तसा उचलला की सावळा चेहरा फिकट, राखेसारखा उमटतो. तळहातावर माप घेऊन एक स्टॉप वाढविणे ही जुनी युक्ती अधिक भरवशाची, कारण तळहाताचा रंग माणसामाणसांत फारसा बदलत नाही. हा पक्षपात साधनांतही होता. कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी छपाईघरांना जे नमुनाचित्र पुरवी, त्यात अनेक दशके एक गोरी स्त्रीच असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही लाकडी सामान व चॉकलेट बनविणाऱ्यांची तक्रारही फिल्म सुधारण्यामागे होती, असे कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये दाखवून दिले.

सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीत असते. समोरून अधिक उजेड ओतण्याऐवजी मोठा, मऊ स्रोत बाजूला ठेवला तर गालाचे हाड आणि जबड्याची रेषा आपोआप उठून येते. उन्हाळ्यात तेवढा घाम टिपून घ्यावा, पावडर थापू नये. पांढरे धोतर, सदरा आणि टोपी अशा वेशातील वृद्धाचे छायाचित्र घेताना कॅमेरा कपड्यांना भुलतो व चेहरा काळवंडतो. तेथे माप चेहऱ्यावरच घ्यावे आणि कपड्यांवरचा उजेड आडवा पुठ्ठा धरून कमी करावा.

वेशभूषेविषयी परदेशी चित्रफिती अर्थातच गप्प असतात. डोक्यावरून पदर घेतलेल्या आजींना दिवा पंचेचाळीस अंशांवरून दिला तर पदराची सावली थेट डोळ्यांवर येते. दिवा खाली, जवळजवळ चेहऱ्याच्या उंचीवर आणावा. नथीची सावली ओठांवर पडते. दिवा नथीच्याच बाजूला थोडा सरकविला तर ती निघते. मुंडावळ्यांच्या सरी बाजूच्या कठोर प्रकाशात गालावर पट्टे उमटवितात. मोबाइलची पार्श्वभूमी धूसर करणारी सोय तर कित्येकदा मुंडावळ्याच अर्धवट पुसून टाकते! मोबाइलने फार जवळून छायाचित्र घेतले की नाक मोठे दिसते, हेही येथेच नोंदवावे. पाच-सहा फूट मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा.

बसण्या-उभे राहण्याच्या पद्धतीत न्यूयॉर्कचे छायाचित्रकार पीटर हर्ली यांच्या चित्रफिती फार पाहिल्या जातात. हनुवटी वर उचलण्याऐवजी कपाळ किंचित पुढे आणि खाली आणावे, म्हणजे जबड्याची रेषा स्पष्ट होते, हा त्यांचा धडा परभणीतही तितकाच खरा आहे. कॅमेरा समोर आला की ‘ताठ बसा’ ऐकून मान मागे खेचणाऱ्या आपल्या मंडळींना तो विशेष उपयोगी. परंतु शिक्षक मॉडेलची हनुवटी बोटाने वळवितो, खांदा धरून सरकवितो, ते येथे चालत नाही आणि चालू नये. ‘वहिनी, दाराकडे बघा’, ‘काका, वजन मागच्या पायावर घ्या’ असे शब्दांनी सांगावे किंवा स्वतः तसे उभे राहून दाखवावे. पदर सारखा करायचा असेल तर घरातल्याच एखाद्या बाईला विनंती करावी. नवदांपत्याला कपाळाला कपाळ लावायला सांगण्यापूर्वी समोर सासू-सासरे बसले आहेत की नाही हे पाहिलेले बरे. हातांना काम दिले की संकोच निम्मा ओसरतो.

याच चित्रफितींच्या शेवटी बहुधा संगणकावर चेहरा गुळगुळीत आणि उजळ करण्याचा भाग असतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत आधी शिकला जातो. स्थळासाठी पाठवायच्या छायाचित्रात मुलीला दोन छटा गोरे करून द्या, ही मागणी स्टुडिओचालकांना नवी नाही. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलले, मागणी बदललेली नाही. छायाचित्र पाहून पाहुणे घरी येतात, समोर निराळा रंग दिसतो, आणि नकाराचा अपमान छायाचित्रकाराच्या नव्हे, त्या मुलीच्या वाट्याला येतो. मुलीच्या वडिलांना हे स्पष्टपणे सांगणे हा धंद्याला मारक आगाऊपणा आहे, असे मला वाटत नाही. तिचा खरा वर्ण राखून, चांगल्या उजेडात काढलेले छायाचित्र शेजारी ठेवले तर ते बोलते.

चित्रफीत पाहण्याचीही एक रीत आहे. प्रथम आवाज बंद करून पाहावी व फक्त दिव्यांची जागा कागदावर काढावी. नंतर छायाचित्रातील डोळ्यांत उमटलेला प्रकाशबिंदू निरखावा. घड्याळाच्या दहाच्या जागी असेल तर दिवा आपल्या डावीकडे व वर होता, चौकोनी असेल तर बहुधा सॉफ्टबॉक्स किंवा खिडकी. गौतम राजाध्यक्ष यांचे ‘चेहरे’ हे पुस्तक ग्रंथालयात मिळाले तर त्यातील डोळे अशाच रीतीने वाचावेत. असा अभ्यास कोणत्याही चित्रफितीइतकाच शिकवितो. सराव एकाच दिव्यावर करावा. तो पुरता उमगल्याशिवाय दुसरा विकत घेऊ नये, कारण दुसरा दिवा बहुधा पहिल्याच्या चुका झाकण्यासाठीच लावला जातो.

सरावाला सर्वांत सोयीचा काळ चातुर्मासाचा. आषाढी ते कार्तिकी या दिवसांत लग्नांचे मुहूर्त नसतात, स्टुडिओ रिकामे असतात आणि श्रावण-भाद्रपदातले ढगाळ आकाश म्हणजे जिल्हाभर पसरलेला एक सॉफ्टबॉक्सच. तो उजेडही वरूनच येतो, त्यामुळे डोळे तेव्हाही काळे पडतात. मांडीवर पांढरा टॉवेल पसरून बसविले की त्यांत उजेड येतो, आणि तो टॉवेल चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.