शब्दवेध : बिक्कुरीम

मराठी बायबलात ‘प्रथमफळ’ किंवा ‘प्रथमउपज’ वाचताना अर्थ कळतो, पण मागचं नातं दिसत नाही. मूळ हिब्रू शब्द ‘बिक्कुरीम’. त्याच ब-क-र धातूतून ‘बखोर’ म्हणजे पहिला मुलगा आणि ‘बिक्कुरा’ म्हणजे सर्वांत आधी पिकलेलं अंजीर. अरबी ‘बिक्र’ही याच कुळातला. शेतातलं पहिलं फळ आणि घरातलं पहिलं मूल हिब्रू भाषेत भावंडंच. दोन्हींवर देवाचा हक्क, असं तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सांगते.

तो हक्क बजावायची रीत मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात तपशिलाने आहे. पहिलं अंजीर, द्राक्षघड किंवा डाळिंब पिकलेलं दिसलं, की शेतकऱ्याने त्याला लव्हाळ्याची दोरी बांधायची आणि हे बिक्कुरीम, असं म्हणायचं. पुढे जेरुसलेमच्या मंदिराकडे मिरवणूक : सोन्याने मढवलेल्या शिंगांचा बैल, बासरी, टोपल्या. श्रीमंतांच्या सोन्या-चांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या फोकांच्या. गंमत पुढेच आहे. मिश्नावर चर्चा करणाऱ्या तालमूदनुसार श्रीमंताची टोपली त्याला परत मिळे, गरिबाची मात्र फळांसकट याजकांकडे राही! दारिद्र्य गरिबाच्याच मागे लागतं, अशी म्हण तिथेच नोंदवली आहे. आपल्याकडे याला दुष्काळात तेरावा महिना म्हणतात.

इ.स. 70मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं आणि ही यात्रा थांबली. त्याआधीच ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना ‘अपार्खे’ हा ग्रीक प्रतिशब्द पुनरुत्थित ख्रिस्ताला लावला होता. पहिलं पीक देवाला देण्याची अशीच रीत ख्रिस्ती समाजातही दिसते : गोव्यात ऑगस्टमधल्या ‘कोणसांचें फेस्त’ला पाद्री आजही भाताची पहिली कणसं आशीर्वादित करतात.